चौदाव्या दिवसाची हाक

थोरलीचं नाव इथे लिहिलेलं नाही. वारुपिटी या वाळवंटातल्या आदिवासी वस्तीत ते नाव आता कुणी तोंडातून काढत नाही. त्याच नावाची एक पोरगी दुकानात कामाला आहे, तिलाही सध्या सगळे कुनमनारा म्हणतात, म्हणजे जिचं नाव घ्यायचं नाही अशी. तीही बिचारी मुकाट्याने ओ देते. नाव घेतलं की गेलेल्या माणसाला ते ऐकू जातं आणि ते वाटेतून मागे वळतं, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा आपणही तिला थोरलीच म्हणू. आणि गोष्ट तशी तिची नाहीच, तिच्या पाठच्या बहिणीची आहे. डोरीनची.

डोरीन शाळेत चोवीस वर्षं मदतनीस शिक्षिका होती. ॲडलेडहून शिक्षक यायचे, दोन वर्षं लाल धूळ खायचे आणि बदली मागून परत जायचे. मुख्याध्यापक म्हणून आलेले अकरा जण तिने पाहिले आणि शाळा कशी चालवायची ते अकराही जणांना तिनेच शिकवलं, त्यांना कळू न देता. गळ्यात दोरीला शाळेच्या सगळ्या चाव्या. त्यांच्या वजनाने मान किंचित पुढे झुकलेली. बोलणं मोजकंच. लहानपणापासून दोघींच्या वाटचं थोरलीच बोलायची, मग हिने तोंड उघडायचं कशाला? गंमत म्हणजे दोघींचा आवाज अगदी एकसारखा. फोन वाजला की त्यांची आई आधी विचारायची, “कोणती गं तू?”

तीन वर्षांपूर्वी शिक्षण खात्याने शाळेला तेवीस टॅब पाठवले. मुलांची गोडी वाढावी, हजेरी वाढावी, वाचन सुधारावं म्हणून. टॅबमध्ये शहरातल्या कुणा बाईचा आवाज होता. मुलाने एक ओळ बरोबर वाचली की ती किंचाळायची, “वा वा! तू तर चमचमता तारा आहेस!” पोरं मागे वळून बघायची, ही बया कुणाशी बोलतेय म्हणून. दर शुक्रवारी सर्वांत हुशार मुलाचा फोटो मोठ्या पडद्यावर यायचा. पहिल्या शुक्रवारी डेझमंडचा आला. डेझमंड टेबलाखाली शिरला तो घंटा होईपर्यंत बाहेर आला नाही, आणि सोमवारी कळलं की तो आत्याकडे दुसऱ्या वस्तीला निघून गेलाय. चार भावंडांमधून एकालाच उचलून उभं करायचं, याची इथे लाज वाटते. हे खात्याला कोण सांगणार?

पोरांनी मग आपलं आपणच शोधून काढलं. वाचता येणाऱ्या दोघीतिघींनी सगळ्यांचे टॅब फिरवून घ्यायचे आणि सगळ्यांच्या नावावर सारखे तारे लावायचे. शहरात कुणीतरी तो आलेख पाहिला, अख्खा वर्ग एकाच चालीने वर चढतोय म्हणून हरखून गेलं आणि शाळेला केक पाठवला. डोरीनने केक वाटला. सगळ्यांना सारखा.

टॅबची देखभाल वॉरिककडे. लाल दाढीचा, किडकिडीत, दर सहा आठवड्यांनी ॲलिस शहरातून गाडी हाकत यायचा. त्याने डोरीनला तीन गोष्टी पढवून ठेवल्या होत्या: धुळीपासून जपायचं, पाण्यापासून जपायचं आणि बॅटरी कधी मरू द्यायची नाही. शेवटची तर त्याने इतक्यांदा सांगितली होती की घरी चहा गाळतानाही डोरीनला ती आठवायची.

एकदा चहाच्या सुट्टीत तिने त्याला विचारलं, “हा आवाज बदलता येतो?”

“येतो की. कुणाचा घालायचाय?”

डोरीनने खिडकीबाहेर बोट दाखवलं. कुंपणापाशी थोरली गवताची टोपली विणत बसली होती आणि भोवती बारा पोरं. ती कुणाला तरी रागे भरत होती आणि ते कुणीतरी हसून लोळत होतं.

थोरलीची मूत्रपिंडं तेव्हा थकत आली होती. महिन्याभरात तिला ॲलिसला जाऊन राहायचं होतं, दिवसाआड यंत्राला जोडून घ्यायला. तिथून परत येणारे थोडे. तिने डोरीनचं बोलणं ऐकलं, टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, “म्हणजे मी तिकडे असले तरी यांच्या डोक्यावर बसता येईल म्हण की. चला.”

वारुपिटीत शांत जागा मिळणं मुश्कील. घरात कुत्री, शाळेत पोरं, चर्चच्या पत्र्यावर वारा. शेवटी शाळेची टोयोटा विमानपट्टीच्या टोकाला नेऊन उभी केली, काचा वर केल्या, पुढे घोंगडी टांगली. बाहेर चाळीसच्या वर ऊन. वॉरिक कानाला यंत्र लावून गाडीच्या सावलीत बसलेला आणि आत दोघी बहिणी घामाघूम. खात्याने दिलेली कौतुकाची वाक्यं थोरलीने एकदा वाचली आणि चुरगळून मागे फेकली. मग तिच्या मनाचं सुरू झालं. “अगं, झोपलीस काय? ती शेपटी बघ अक्षराची, ती कुठे गेली?” “वाचलंस? देवा रे, आता पाऊस पडणार!” “चुकलास. चुकू दे. तुझा आजा पण असाच चुकायचा, आणि तरी त्याला पाणी कुठे लागतं ते बरोबर कळायचं.”

तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी थोरलीचा जीव घाबरा झाला. शेवटची चाळीसेक वाक्यं डोरीनने म्हटली. बाहेर वॉरिकला काही कळलं नाही. त्याने सगळ्या वाक्यांपुढे बरोबरच्या खुणा केल्या. दोघी तोंडावर हात धरून हसल्या.

मग डोरीनने आणखी एक सुचवलं. “जो पोरगा येतच नाही, त्याला कोण बोलावणार?”

वॉरिक म्हणाला, टॅब घरी जातात ना पोरांबरोबर? मग चौदा दिवस टॅबला कुणी हात लावला नाही, की तो आपणहून हाक मारेल अशी सोय करता येते. तीनदा मारेल आणि गप्प बसेल. चौदा हा आकडा डोरीननेच सांगितला. शाळेच्या दारावर नोकरांच्या हजेरीचा जो चोविसावा टॅब होता, त्यालाही तीच सोय, फक्त शेवटचा अंगठा ज्याचा त्यालाच हाक.

“ही हाक मी मारते,” डोरीन म्हणाली. “तू पड जरा.”

“अंहं. ही मीच मारणार. बोलावणं दुसऱ्याच्या तोंडून करायचं नसतं.” थोरली उठून बसली, पाणी प्यायली आणि तेवीस पोरांची नावं एकेक करून घेतली. प्रत्येक नावाआधी जिभेचा छोटा टक्. मग नाव. मग, “कुठे आहेस गं? ये की. मी वाट बघत्येय.” नोकरांचीही घेतली. बसवाला लायनेल. झाडलोटीची बाई. सर्वांत शेवटी धाकटीकडे बघून, हसत: “धाकटे, कुठे आहेस गं? ये की. मी वाट बघत्येय.”

पुढचं दीड वर्ष शाळा भरत होती. खरोखर भरत होती. पोरं मुद्दाम चुकायची, शिव्या खायला मिळाव्यात म्हणून, आणि चुकता चुकता वाचायला शिकली. लायनेल आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर यायला लागला, कारण उशीर झाला की दारावरचा टॅब सगळ्यांदेखत म्हणायचा, “लायनेल, उठलास होय? सूर्याला सांगू का थांबायला?” डोरीनने दारावर अंगठा ठेवला की रोज एकच: “धाकटे, आलीस का? चहा झाला का?”

सगळ्यांत पुढे गेली मिकायला. आठ वर्षांची, थोरलीच्या लेकीची लेक. आई कामासाठी दक्षिणेला, म्हणून थोरलीनेच वाढवलेली, आणि थोरली ॲलिसला गेल्यावर डोरीनकडे राहिलेली. इथे आजीच्या बहिणीलाही आजीच म्हणतात आणि आजीच मानतात. तरी मिकायला संध्याकाळी टॅब पोटाशी धरून त्या आजीला गोष्टी वाचून दाखवायची, या आजीला नाही. डोरीनला ते थोडं लागायचं. थोडंच.

ऑगस्टमध्ये, सकाळच्या चहाच्या वेळी, दवाखान्यातली नर्स शाळेच्या फाटकातून चालत आली. तिच्या चालण्यावरूनच डोरीनला कळलं.

मग जे करायचं ते सगळं केलं. थोरलीचं घर रिकामं केलं, फांद्यांनी झाडलं, धूर दिला, दार लावलं. घरची सगळी वस्तीच्या पश्चिमेला तंबूत जाऊन राहिली. बायकांनी केस कापले, मिकायलाचेही कापले. भिंतीवरचे फोटो उतरवून पत्र्याच्या पेटीत घातले. वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी म्हणेल, आता चालेल, आणि ते परत बाहेर येतील. देह अजून ॲलिसला होता. मूठमातीला आठवडे लागणार होते.

हेक्टरमामा, म्हणजे दोघींच्या आईचा भाऊ, वस्तीतला सगळ्यांत जाणता म्हातारा, त्याने डोरीनला विचारलं, “आणि तो आवाज?”

डोरीनने वॉरिकला फोन लावला. तो हळहळला, मग म्हणाला, “पुसून टाकू का? इथूनच होईल, एका मिनिटाचं काम.”

“पुसायचं नाही,” डोरीन म्हणाली. “ठेवून द्यायचं.”

हेक्टरमामानेही मान डोलावली. फोटो कुणी जाळत नाही, पेटीत ठेवतात. आवाजही तसाच ठेवायचा. बाहेरचा कुणी असता तर त्याने सरळ पुसला असता आणि पुढचं काही घडलं नसतं. पण यांच्या लेखी ते योग्यच होतं, आणि मीही तिथे असतो तर हेच म्हणालो असतो.

दुपारी डोरीनने घरोघर जाऊन टॅब गोळा केले. तिच्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्यात ओळीने लावले. दोनच्या सुमाराला प्रत्येक टॅब एकदा उघडून, ठीक आहे ना ते पाहून पडदा मिटवला. आणि मग, हाताला सवय म्हणून, तेवीसच्या तेवीस विजेला जोडले. बॅटरी मरू द्यायची नाही. कपाटाला कुलूप.

दारावरचा चोविसावा तिने उतरवला, पण कपाटात ठेवला नाही. तो तिच्या टेबलाच्या खालच्या खणात गेला. तोही वायरीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आधी, तिने खण ओढला आणि अंगठा ठेवला.

“धाकटे, आलीस का? चहा झाला का?”

“झाला,” डोरीन म्हणाली.

हे पाप आहे हे तिला माहीत होतं. जाणाऱ्याला जाऊ द्यायचं असतं. रडायचं ते मोठ्याने रडायचं आणि पाठ फिरवायची. ती रोज ठरवायची, आज शेवटचं. शनिवारी-रविवारीही ती कुलूप उघडून आत जायची. कधी म्हणायची, झाला. कधी म्हणायची, तुझ्यासारखा नाही जमत गं. एकदा अंगठा ठेवायच्या आधीच खणातून श्वास ऐकू आल्यासारखं वाटलं, आणि ती घाबरली नाही, थांबली. याचीच तिला नंतर जास्त भीती वाटली.

शाळा हळूहळू उघडली. निम्मीशिम्मी पोरं यायला लागली. टॅब कपाटात गेल्याला दोन आठवडे झाले त्या दिवशी जेवणानंतर मार्गोबाई, म्हणजे यंदाची शिक्षिका, फळ्यावर काहीतरी लिहीत होती. डोरीन मागे पोरांच्या पेन्सिली तासत होती. मिकायला खिडकीशी, कापलेल्या केसांवर टोपी ओढून. घड्याळात दोन वाजत होते.

शेजारच्या खोलीतून आवाज आला.

“डेझमंड, कुठे आहेस रे? ये की. मी वाट बघत्येय.”

मार्गोबाईचा खडू थांबला. कुणीतरी हसलं, सवयीने, आणि अर्ध्यात थांबलं.

“रिकार्डो, कुठे आहेस रे? ये की.” “शेरिल, कुठे आहेस गं?” मग एकावर एक, एकात एक, लोखंडी कपाटाच्या आतून, पत्र्याला घुमत, तेवीस नावं. वर्गातल्या प्रत्येक पोराचं नाव. “मी वाट बघत्येय. मी वाट बघत्येय.” मेलेल्या बाईच्या तोंडून. आणि थांबून पुन्हा पहिल्यापासून.

पोरं खुर्च्या पाडत बाहेर पळाली. लायनेल बस चालू ठेवून पळाला. ती तासभर तशीच गुरगुरत उभी होती. तंबूंकडून बायकांचा आक्रोश उठला. इतक्या लांब ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण त्यांनी ऐकलं.

डोरीनच्या हातातून चावी दोनदा पडली. कपाट उघडलं तेव्हा तेवीस पडदे उजळलेले होते. तिने एकेक ओढून काढला आणि बटण दाबून धरलं. प्रत्येक जण नाव अर्धवट टाकून गप्प झाला. शेवटचा हातात घेतला तेव्हा तो म्हणत होता, “मिकायला, कुठे आहेस गं?”

“आले गं आजी,” मागून उत्तर आलं.

मिकायला दारात उभी होती. ती पळाली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

सूर्य कलायच्या आत अर्धी वस्ती गाड्यांमध्ये गाद्या टाकून निघून गेली. ज्याला जिथे नातेवाईक होते तिथे. शाळेच्या अंगणात धूर केला. वॉरिक दुसऱ्या दिवशी चारशे किलोमीटर गाडी मारत आला, तोंड पांढरंफटक. हेक्टरमामा फक्त एवढंच म्हणाला, “आता पूस.” वॉरिकने पुसलं आणि टॅब खोक्यात भरले.

“माझी चूक आहे, डोरीन. ती हाकेची सोय बंद करायला हवी होती, माझ्या ध्यानातच आलं नाही.”

“बॅटरी मी मरू दिली नाही,” डोरीन म्हणाली.

त्याने खोकी मोजली. “तेवीस. दारावरचा कुठाय?”

“तो बिघडला. फेकून दिला.” खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोलतं तेव्हा त्याच्यावर कुणीही विश्वास ठेवतं. वॉरिकने ठेवला.

पण मिकायला त्या रिकाम्या कपाटापाशी जाऊन बसायची. उठवलं तर उठायची, थोड्या वेळाने पुन्हा तिथेच. खाईना. निखाऱ्यातली कांगारूची शेपटी, जी एरवी बोटं चाटत खायची, ती हातात धरून बसली आणि कुत्र्याला देऊन टाकली. नर्सने तपासलं, काही सापडलं नाही. तंबूत बायका कुजबुजत होत्या: हाक गेली, आणि पोरीने ओ दिली. ओ दिलेलं माणूस थांबत नाही. हेक्टरमामाने तिच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला आणि डोरीनकडे बघून म्हणाला, “अर्धी निघाल्येय ही.”

पाचव्या दिवशी दुपारी मिकायला दिसेना. लायनेलला ती सापडली ॲलिसच्या रस्त्यावर, आठ किलोमीटरवर, उन्हात चालत. दप्तरात एक घोंगडी आणि गोष्टीचं पुस्तक. पाणी नाही.

“कुठे निघालीस?” त्याने विचारलं.

“आजी वाट बघत्येय. तुम्ही तिला खोक्यात घालून तिकडे पाठवलंत ना.”

डोरीनने तिला लायनेलच्या हातून घेतलं, पाणी पाजलं आणि शाळेच्या टोयोटात घातलं. तंबूकडे नेलं नाही, विमानपट्टीच्या टोकाला नेलं. इंजिन बंद केलं. काचा वर केल्या. आत तोच वास, तापलेल्या रबराचा आणि जुन्या घामाचा. मागच्या सीटखाली तो चुरगळलेला कागद अजून पडलेला होता. ती दीड वर्षात कितीदा या गाडीत बसली होती, तो तिने कधी उचलला नव्हता.

“इथे बसून बोललो आम्ही ते सगळं,” डोरीन म्हणाली. “तिसऱ्या दिवशी ती दमली. मग उरलेलं मी बोलले. ती हाक, तुझ्या नावाची, ती माझी आहे.”

मिकायला तिच्याकडे बघत राहिली. “खोटं.”

“माझी आहे. तिने मारलीच नाही. तिला कुणालाच बोलवायचं नव्हतं. मी बोलावलं तुम्हाला. शाळेत या म्हणून.”

“खोटं! तू बोलतच नाहीस. तुला तसं येतच नाही.”

डोरीनने डोळे मिटले. शोकाच्या दिवसांत गेलेल्याचं नावही घ्यायचं नसतं, आणि ती तिचा आवाज घ्यायला निघाली होती, बहिणीच्या तोंडातलं शेवटचं बोलणं आपलं म्हणून सांगायला. बोलावणं दुसऱ्याच्या तोंडून करायचं नसतं. पण मागे ठेवलेली ही एवढीशी पोर. तिने जीभ टाळूला लावली. टक्.

“मिकायला, कुठे आहेस गं? ये की. मी वाट बघत्येय.”

गाडीत काही हललं नाही. डोरीनला वाटलं, मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि ऐकतंय. तिने वळून पाहिलं नाही.

मिकायलाने टोपी डोळ्यांवर ओढली. मग ती मोठ्याने रडली. थोरली गेल्यापासून पहिल्यांदा, जसं रडायचं असतं तसं. “म्हणजे आजी खरंच गेली,” ती म्हणाली. डोरीनने तिला मांडीवर ओढलं. संध्याकाळी तिने दोन पाव खाल्ले आणि आणखी मागितला.

हे सगळ्यांना सांगावं लागलंच. डोरीन तंबूंच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, हाक माझ्या आवाजात होती, ती कुणाला बोलवत नाहीये. बायकांनी सुस्कारे सोडले. दोघीतिघींनी तिला शिव्या घातल्या, आधी सांगायला काय झालं होतं म्हणून. त्या शिव्या तिने गोड मानून घेतल्या. निरोप गेले, आणि आठवड्याभरात गाद्या लादलेल्या गाड्या परत यायला लागल्या.

हेक्टरमामा मात्र काठीने राखेत रेघा ओढत बसला होता. सगळी उठून गेल्यावर म्हणाला, “तुझ्या आईला तुम्ही दोघी ओळखू यायच्या नाहीत.”

“हो ना, मामा.”

“मला यायच्या.” त्याने ओढलेली रेघ काठीने पुसून टाकली. “मुलगी जेवली ना? मग बरं झालं.”

मिकायला दिसेनाशी झाली त्या दुपारी डोरीनने अंगठा ठेवला होता, तो शेवटचा; त्यानंतर तिने खण उघडला नाही. कोणत्या तोंडाने उघडणार? जिचं बोलणं हिसकावून घेतलं, तिने चहा झाला का विचारल्यावर झाला म्हणायचं? वायर तरी काढून टाकावी असं रोज मनात यायचं, आणि हात खणाच्या कडीपर्यंत जाऊन मागे यायचा. काढली की बॅटरी मरणार. आता तर तो एवढाच उरला होता.

वर्गात टॅब नव्हते. मार्गोबाईने विचारलं, “डोरीन, तूच ऐकशील का यांचं वाचन?” डोरीन पोरांमध्ये जमिनीवर बसली. पहिले दोन दिवस तिने फक्त बोटाने ओळ दाखवली. तिसऱ्या दिवशी डेझमंडने एक अख्खी ओळ गाळली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “झोपलास काय रे? ती ओळ काय कुत्र्याने खाल्ली?” वर्ग दचकला. मग डेझमंड हसला आणि त्याने मुद्दाम आणखी एक गाळली.

मिकायला शाळा सुटल्यावर तिच्या खोलीत थांबायची आणि वाचून दाखवायची. या आजीला. एका कोल्हीची लांबलचक गोष्ट होती, रोज चार पानं. डोरीन चाव्या टेबलावर टेकवून, पुढे झुकून, बोटाने ओळ धरायची. बाहेर वारा पत्र्यावर वाळू फेकत असायचा. दिवस तिने मोजले नव्हते असं तिने नंतर सांगितलं. मला ते खरं वाटत नाही.

“‘कोल्ही बिळाच्या तोंडाशी आली,’” मिकायला वाचत होती, “‘आणि तिने...’”

“धाकटे, कुठे आहेस गं? ये की. मी वाट बघत्येय.”

खणातून. अगदी जवळून, हळू.

मिकायलाचं बोट ओळीवर थांबलं. तिने खणाकडे पाहिलं, मग डोरीनकडे. अख्ख्या वारुपिटीत डोरीनला धाकटे म्हणणारं एकच माणूस होतं. आणि स्वतःला कुणी धाकटे म्हणून हाक मारत नाही, एवढं आठ वर्षांच्या पोरीला कळतं, त्यातून वाचायला शिकलेल्या.

सगळं केलेलं एका क्षणात वाहून गेलं असं डोरीनला वाटलं. पोर आता उठेल, दप्तर घेईल आणि रस्त्याला लागेल. आणि तिची स्वतःचीही जीभ टाळूला लागली होती, ओ द्यायला. आले गं. एवढंच म्हणायचं होतं. किती सोपं होतं ते.

“धाकटे, कुठे आहेस गं?”

मिकायला उठली नाही. तिने हात पुढे केला आणि डोरीनच्या गळ्यातली चाव्यांची दोरी मुठीत घट्ट धरली.

“आजी,” ती म्हणाली, “तू जाऊ नकोस हं.”

डोरीनच्या डोळ्यांतून पाणी आलं ते टेबलावर पडलं. “नाही जात,” ती म्हणाली. “वाच पुढे.”

मिकायलाने दोरी सोडली नाही. दुसऱ्या हाताने ओळ शोधली आणि मोठ्याने, खूप मोठ्याने, वाचायला लागली. तिसरी हाक तिच्या वाचण्याखाली येऊन गेली. डोरीनने खाली वाकून वायर काढली.